‘पेटंटेड’ लिहिलंय म्हणून घ्यायचं का? जाहिरातीतलं पेटंट तपासायची रीत

कपाशी पात्यांवर आली की आपल्याकडे औषधांच्या जाहिरातींनाही बहर येतो. एसटी स्टँडच्या भिंती, आठवडी बाजारात भोंगा लावून फिरणारी प्रचारगाडी, व्हॉट्सॲपवर हिरव्यागार पऱ्हाटीपुढे उभा राहून बोलणारा माणूस. या सगळ्यांच्या तोंडी एक शब्द पक्का बसलाय: पेटंट. ‘पेटंटेड फॉर्म्युला’, ‘पेटंट तंत्रज्ञान’, ‘भारत सरकारकडून पेटंट प्राप्त’. शेतीच्या औषधांपुरतंच हे नाही. गुडघेदुखीचं तेल, वीज वाचवणारी डबी, पाणी ‘ऊर्जित’ करणारी छडी, सगळ्यांवर तो शब्द आहे. आणि ऐकणाऱ्यावर त्याचा परिणामही होतो. “सरकारनं पेटंट देल्लं म्हंजे तपासूनच देल्लं असंन न बाप्पा,” असं कृषी केंद्राच्या काउंटरपुढे सहज ऐकायला मिळतं.

तपासूनच देतात, हे खरं आहे. पण काय तपासतात, तिथं घोळ आहे. तो घोळ एकदा समजून घेतला की बाकीचं काम मोबाईलवर करता येतं, फार वेळही लागत नाही.

पेटंट देताना काय पाहतात आणि काय पाहत नाहीत

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी मिळालेला हक्क. माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं ही वस्तू बनवायची नाही, विकायची नाही, एवढंच तो सांगतो. भारतातला कायदा 1970 चा. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. या हक्काच्या बदल्यात शोध लावणाऱ्याला आपली रीत लिहून जगापुढे उघडी करावी लागते. हा बदल्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या फार कामी येणार आहे.

अर्ज तपासणारा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी बघतो. हे याआधी कुणी केलेलं किंवा छापलेलं आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचावं असं तर नाही ना? आणि ते प्रत्यक्ष बनवता-वापरता येण्यासारखं आहे का? हे सगळं तो कागदावर बघतो. तो बाटली उघडत नाही, वावरात येत नाही, पिकाच्या दोन ओळींवर फवारून बोंडं मोजत नाही. औषधानं डोळ्यांची आग होते का, तेलानं गुडघा खरंच सैल होतो का, हे ठरवणं त्याचं कामच नाही. किंमत वाजवी आहे का, हे तर नाहीच नाही.

पेटंट हा एखाद्या कल्पनेचा सातबारा समजा. वावर कोणाच्या नावावर आहे ते त्यावरून कळतं, पीक कसं उभं आहे ते कळत नाही.

पेटंट मिळालेल्या वस्तूही किती चमत्कारिक असू शकतात याचा एक नमुना सांगतो. 1965 साली अमेरिकेत एका दांपत्याला पेटंट मिळालं. यंत्र असं: बाळंतीण बाईला गोल फिरणाऱ्या टेबलावर झोपवायचं, पट्ट्यांनी बांधायचं आणि टेबल गरगर फिरवायचं, म्हणजे त्या जोरानं बाळ बाहेर येईल. नवीन होतं, कुणी आधी केलेलं नव्हतं, पेटंट मिळालं.

आणि दिलेलं पेटंट पुढे खोडलंही जातं. हळदीनं जखम भरते हे वायगावच्या हळदीच्या पट्ट्यात काय, कुठल्याही स्वयंपाकघरात सांगावं लागत नाही. तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने छापील पुरावे समोर ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे ‘नवीन आहे’ हा शेराही चुकू शकतो.

आता कामाला लागू.

पायरी 1: नेमका कोणता शब्द लिहिलाय तो वाचा

बाटली, डबा किंवा जाहिरातीचा स्क्रीनशॉट हातात घ्या आणि ‘पेटंट’च्या आजूबाजूला काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. निम्मी भानगड इथंच उलगडते.

‘पेटंट पेंडिंग’ किंवा ‘पेटंट अप्लाइड’ म्हणजे फक्त अर्ज केलाय. अर्ज कुणीही करू शकतो, फी भरली की पोच मिळते. अर्ज फेटाळला गेला तरी छापलेली खोकी विकली जातच राहतात. माझ्या हिशेबी ‘पेटंट पेंडिंग’ हे वाचून न वाचल्यासारखं करावं.

‘पेटंट प्रकाशित’ हा त्याहून चतुर प्रकार. प्रत्येक अर्ज साधारण 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये छापला जातो. वेगळी फी भरली तर महिन्याभरातही छापून येतो. छापणं म्हणजे मंजुरी नाही. लोकांना हरकत घेता यावी म्हणून ते छापतात. पण त्या पानाची चौकट करून, वर अशोकस्तंभ चिकटवून दुकानात लावली की बघणाऱ्याला ते प्रमाणपत्रच वाटतं.

‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ किंवा ‘जागतिक पेटंट’ अशी चीजच नाही. प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं. अनेक देशांत एकाच मार्गानं अर्ज करायची सोय जिनिव्हाच्या संस्थेमार्फत आहे. तिचा नंबर इंग्रजी ‘डब्ल्यूओ’ अक्षरांनी सुरू होतो. तो अर्जाचा नंबर आहे, पेटंटचा नाही.

‘अमेरिकन पेटंट’ असू शकतं, पण त्याचा हक्क अमेरिकेत. आपल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे: वस्तूवर नुसतं ‘पेटंटेड’ लिहिलं आणि दुसऱ्या देशाचं नाव घातलं नाही, तर तो दावा भारतात चालू असलेल्या पेटंटचाच धरला जातो. त्यामुळे ‘आमचं पेटंट जपानचं आहे’ ही पळवाट पाकिटावर जपान लिहिलेलं नसेल तर चालत नाही. मुदत संपलेलं पेटंटही ‘पेटंटेड’ म्हणून मिरवता येत नाही.

आयुर्वेदिक तेलाच्या किंवा काढ्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी मेडिसिन’ असं असतं. हे औषध कायद्यातलं नाव आहे. ग्रंथात दिलेला जसाच्या तसा योग नाही, ग्रंथांतली द्रव्यं घेऊन कंपनीनं स्वतःचं मिश्रण केलंय, इतकाच त्याचा अर्थ. पेटंट कार्यालयाचा या ओळीशी काही संबंध नाही. विक्रेता मात्र हीच ओळ बोटानं दाखवून ‘पेटंट आहे बघा’ म्हणतो. बरेचदा त्यालाही ठाऊक नसतं.

गोलातला इंग्रजी ‘आर’ म्हणजे नोंदलेला ट्रेडमार्क, म्हणजे नावाची मालकी. ‘टीएम’ म्हणजे तेवढीही नोंदणी अजून झालेली नाही, किंवा झाली असेल तर छापलेली नाही. ‘रजिस्टर्ड डिझाइन’ म्हणजे बाटलीचा किंवा यंत्राचा आकार. नागपुरी संत्रं किंवा भिवापुरी मिरचीला मिळालेलं जीआय मानांकन हा चौथाच प्रकार. ते एका भागातल्या उत्पादकांचं, एका कंपनीचं नाही. यातलं एकही पेटंट नाही, पण जाहिरातीत सगळे एका दावणीला बांधलेले दिसतात.

काही दावे वाचल्याबरोबर बाजूला ठेवावेत. आपल्या कायद्यात शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. औजाराला किंवा यंत्राला मिळू शकतं. तेव्हा ‘पेटंट प्राप्त शेती पद्धत, प्रशिक्षण फी अमुक’ ही जाहिरात तिथंच संपली. बियाण्याला, झाडाला, वाणाला पेटंट नाही. रोगावरच्या उपचारपद्धतीला नाही. पिढीजात माहितीला नाही. आणि निसर्गनियमाच्या उलट जाणाऱ्या गोष्टीला नाही, म्हणजे विजेशिवाय, डिझेलशिवाय, उन्हाशिवाय कायम चालणारा पंप कुणी ‘पेटंटेड’ म्हणून विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पायरी 2: नंबर मागा

“भाऊ, याचा पेटंट नंबर सांगा न.” एवढंच विचारायचं, भांडायचं नाही. खऱ्या पेटंटवाल्याला नंबर द्यायला अडचण नसते, उलट तो छापण्यात त्याचाच फायदा असतो. नंबर न देता नुसतं ‘पेटंट’ लिहिलं, तर नक्कल करणारा उद्या कोर्टात ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणू शकतो.

मिळालेला नंबर कसला आहे ते आकड्यांवरून ओळखता येतं. 12 आकडी असेल तर तो अर्जाचा. पहिले 4 आकडे वर्ष, पाचवा कार्यालयाचा: 1 दिल्ली, 2 मुंबई, 3 कोलकाता, 4 चेन्नई. विदर्भातल्या अर्जदाराचा अर्ज साधारणपणे मुंबईला जातो, म्हणून नंबर ‘20212’ असा सुरू होत असेल तर तो 2021 सालचा मुंबईचा अर्ज. जुन्या अर्जांत मध्ये इंग्रजीत ‘एमयूएम’ आणि शेवटी वर्ष असायचं. मंजूर झालेल्या पेटंटचा नंबर वेगळा आणि छोटा असतो, हल्ली 6 आकडी. ‘पेटंट नं.’ म्हणून 12 आकडे छापलेले दिसले तर समजायचं की अर्जाचा नंबर पेटंटच्या नावानं खपवला जातोय.

पायरी 3: पेटंट कार्यालयाच्या साइटवर बघा

मोबाईलवर ‘आयपी इंडिया’ शोधा. सरकारी साइट उघडली की पेटंट शोधण्याचा भाग सापडतो, त्याला ‘इनपास’ म्हणतात. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. साइट इंग्रजीत आहे आणि कधी कधी फार मंद चालते. भरदुपारी नाही उघडली तर रात्री बघा. घरात कॉलेजला जाणारं पोरगं असेल तर त्याच्याकडे हे काम द्या. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था तर आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

अर्ज नंबर किंवा पेटंट नंबर टाकायचा. नंबर नसेल तर कंपनीचं नाव अर्जदाराच्या रकान्यात टाका. जे पान उघडेल त्यावर स्थिती लिहिलेली असते. ‘ग्रँटेड’ म्हणजे मंजूर. ‘अवेटिंग एक्झामिनेशन’ म्हणजे अजून रांगेत. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नाकारलं. ‘अबँडन्ड’ हा शब्द बरेचदा दिसेल. अधिकाऱ्यानं हरकती काढल्या, अर्जदारानं मुदतीत उत्तर दिलं नाही, अर्ज वाऱ्यावर सोडला, असा त्याचा अर्थ.

मंजूर असलं तरी थांबू नका. पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाची फी भरावी लागते. फी थकली की ते मरतं. त्याच साइटवरच्या ई-रजिस्टरमध्ये ते कळतं. मालकाचं नावही बघा. पेटंट एका कंपनीचं आणि बाटली दुसऱ्याच कंपनीची असेल तर दोघांत करार आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी 4: पेटंटचा कागद उघडून वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरा माल इथंच आहे. वर म्हटलं तसं, पेटंट मिळवायचं तर रीत उघडी करावी लागते. जाहिरातीत जे लपवता येतं ते पेटंटच्या कागदात लपवता येत नाही. त्याच साइटवर ‘कम्प्लीट स्पेसिफिकेशन’ नावाची फाइल असते. इंग्रजी जड असतं, पण सगळं वाचायचं नाहीच. दोनच जागा बघायच्या.

पहिली जागा ‘क्लेम्स’. फाइलच्या शेवटाकडे ‘वुई क्लेम’ किंवा ‘आय क्लेम’ असं लिहून 1, 2, 3 असे मुद्दे असतात. त्यातला पहिला मुद्दा सावकाश वाचा. कंपनीचा हक्क त्या मुद्द्यांपुरताच. समजा, बाटलीवर लिहिलंय: ‘पेटंटेड तंत्रज्ञान, कपाशीचं उत्पादन दीडपट’. आणि पहिला क्लेम सांगतो की समुद्री शेवाळ अमुक तापमानाला अमुक वेळ शिजवायचं, गाळायचं, त्यात अमुक टक्के टिकवणारं द्रव्य घालायचं. मग पेटंट कशाला आहे? शिजवायला आणि गाळायला. कपाशीचा त्या ओळीत पत्ताच नाही. दीडपट उत्पादन हे जाहिरात लिहिणाऱ्याचं वाक्य, पेटंट कार्यालयाचं नव्हे. कधी कधी तर पेटंट झाकणाला असतं: थेंब मोजून पडावा म्हणून केलेल्या टोपणाला. झाकण पेटंटेड, आतलं पाणी बिनपेटंट, आणि लेबलवर ठळक अक्षरात ‘पेटंटेड प्रॉडक्ट’. शब्दशः बघाल तर खोटंही नाही.

दुसरी जागा ‘एक्झाम्पल्स’. इथं प्रयोग आणि त्यांचे तक्ते असतात. तक्त्यापुढे कास्तकार म्हणून बसा, इंग्रजीचा विद्यार्थी म्हणून नको. प्रयोग कुंडीत केला की वावरात? कोणत्या पिकावर? मुगाच्या रोपांवर तीन आठवडे बघून तुरीचा हवाला दिलेला असू शकतो. किती झाडं, किती हंगाम? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तुलना कशाशी केली? नुसत्या पाण्याशी तुलना केली तर कोणतंही खत जिंकतं. तुम्ही आता जे वापरता त्याच्याशी तुलना हवी. कोरडवाहू काळ्या जमिनीत, पावसाच्या खंडात काय झालं, हे तक्त्यात नसेल तर तुमच्या वावरापुरतं त्या तक्त्याचं वजन फारसं नाही.

मिश्रणांच्या बाबतीत आपला कायदा अर्जदाराला जरा अडवतो. दोन माहितीतल्या वस्तू नुसत्या एकत्र केल्या तर पेटंट नाही. एकत्र केल्यानं काही जास्तीचा परिणाम होतो हे दाखवावं लागतं. म्हणून अशा कागदात ‘अ एकटं, ब एकटं, अ आणि ब मिळून’ असा तक्ता सापडायला हवा. तो सापडला तर मात्र कौतुकानं वाचा, कारण दुकानदार सांगेल त्यापेक्षा कितीतरी खरी माहिती त्यात असते. सगळ्याच पेटंटवाल्यांना एका काठीनं हाकू नये. नीट केलेलं काम कागदातही दिसतं.

पायरी 5: पेटंट सोडा, दुसरा नंबर बघा

वस्तू चालते का, सुरक्षित आहे का, विकायला परवानगी आहे का, हे बघणारी खाती वेगळी आणि त्यांचे नंबरही वेगळे. पेटंटपेक्षा हे नंबर दहापट महत्त्वाचे.

फवारणीच्या औषधापासून सुरू करू. बाटली फिरवून लेबल बघा. त्रिकोण सापडेल: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. जवळच घटकाचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी, इंग्रजी ‘सीआयआर’ अक्षरांनी सुरू होणारा केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, आणि कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी किती मात्रा. यातलं एक जरी नसेल तर पेटंट कितीही असो, बाटली खाली ठेवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी बिनलेबलाचं, ‘सोबत हेही टाका’ म्हणून दिलेलं पाकीट पंपात जाऊ नये. आणि पेटंट आहे म्हणून ते कमी विषारी असेल, हा समज तर मुळातूनच काढून टाका.

वाढ करणारी, फुलं टिकवणारी, ‘टॉनिक’ म्हणून मिळणारी संजीवकं बरीच वर्षं कोणत्याही कायद्याच्या बाहेर विकली जात होती. ‘पेटंट’ हा शब्द सर्वांत जास्त याच बाटल्यांवर दिसायचा, कारण दाखवायला दुसरा नंबर नव्हता. 2021 मध्ये ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. आता त्यांची नोंद आणि विक्रेत्याच्या परवान्यातला उल्लेख मागता येतो. शंका आली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला लेबलचा फोटो दाखवा, तो गुण नियंत्रण निरीक्षकही असतो.

बियाण्यात पेटंटची गंमत वेगळी आहे. बीटी कपाशीचं पहिलं जनुक 2002 मध्ये आलं, त्यावर भारतात पेटंट नव्हतं. दुसऱ्या पिढीच्या, 2006 मध्ये आलेल्या तंत्रज्ञानावर होतं: अर्ज 1999 चा, मंजुरी 2008 ची, मुदत 2019 ला संपली. मुदत चालू असतानाच, 2017 च्या हंगामात, विदर्भात गुलाबी बोंडअळीनं हिरव्या बोंडात घुसून सरकी खाल्ली. अळी काही पेटंट वाचत नाही. शोध खरा होता, नवा होता. पण तो किती वर्षं टिकेल हे पेटंटवर लिहिलेलं नसतं. आजही ‘चोरबीटी’ विकणारा ‘परदेशी पेटंट तंत्रज्ञान’ म्हणतो. त्या बियाण्याला भारतात लागवडीची परवानगीच नाही, तिथं पेटंटची चर्चा काय करायची? पाकिटावर लॉट नंबर, उगवणक्षमता, तारीख आणि पावती, इथं लक्ष ठेवा.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1980च्या दशकात आपल्या तुकड्यावर धानाच्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी तांदूळ तयार केला. ना पेटंट, ना जाहिरात. धानपट्ट्यातल्या घराघरात तो शिजला आणि दुसऱ्यांनी तो विकून पैसा केला. पेटंट नाही म्हणून माल हलका, असं म्हणणाऱ्यानं ताटातल्या भाताकडे बघावं.

घरगुती वस्तूंचं थोडक्यात. खायच्या वस्तूवर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक. आयुर्वेदिक औषधावर आयुष उत्पादन परवाना. आणि मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा यांसारखे आजार बरे करतो असं जाहिरातीत सांगणं 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं मुळातच बंद आहे, पेटंट असलं तरी. हीटर, इस्त्री, केबल यांवर आयएसआय खूण. सॉकेटात लावायची वीज वाचवणारी डबी आत बहुतेक एक कपॅसिटर आणि एक दिवा असते. घरचं मीटर युनिटं मोजतं, कपॅसिटरनं ती कमी होत नाहीत. डबीच्या आकाराचं डिझाइन नोंदलेलं असू शकतं, पण बिल आहे तेवढंच येतं.

किंमत: इथं पेटंट खरंच तुमच्या कामाचं आहे

ग्राहकाला पेटंटचा खरा उपयोग भावताव करताना. पेटंट चालू असेपर्यंत एकच कंपनी, म्हणून तिचा भाव. मुदत संपली की दुसऱ्याही त्याच घटकाचं औषध बनवू शकतात. तूर, हरभरा, सोयाबीनवरच्या अळीसाठी आपण जे क्लोरँट्रानिलीप्रोल वापरतो त्याचं मूळ पेटंट भारतात 2022 च्या ऑगस्टमध्ये संपलं, आणि नंतर अनेक कंपन्यांच्या बाटल्या आल्या. म्हणून दुकानात ब्रँडचं नाव न घेता तांत्रिक नाव आणि टक्केवारी सांगा आणि ‘यात कोणकोणत्या कंपन्यांचं आहे?’ विचारा. तेवढीच टक्केवारी, नोंदणी क्रमांक आणि पावती असेल तर जुन्या ब्रँडसाठी जास्त पैसे मोजताना निदान विचार करून मोजाल.

माणसांच्या औषधांचंही तसंच. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. घरात अशी गोळी चालू असेल तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा की हेच औषध जनऔषधी केंद्रातलं चालेल का. स्वतःच बदलू नका.

पायरी 6: खोटं निघालं तर

आधी पुरावा. पक्की पावती, तीवर बॅच नंबर. लेबलचा चारही बाजूंनी फोटो. जाहिरातीचा व्हिडिओ डाउनलोड केलेला, कारण तक्रारीचा वास आला की तो उडवला जातो. इनपासवरच्या स्थितीचा स्क्रीनशॉट, तारखेसह. रिकामी बाटली धुऱ्यावर फेकायची नाही.

भारतात पेटंट नसताना ‘पेटंटेड’ लिहिणं, अर्ज नसताना ‘पेंडिंग’ लिहिणं, हा पेटंट कायद्याच्या कलम 120 चा भंग आहे. पूर्वी दंड 1 लाखापर्यंत होता. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं तो 10 लाखांपर्यंत नेला, आणि दावा चालूच ठेवला तर दर दिवसाला 1,000 रुपये वर. त्याची तक्रार पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन कुणीही करू शकतो. नुकसान झालेलंच असलं पाहिजे असं नाही.

फसव्या जाहिरातीसाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. सुरुवात 1915 या हेल्पलाइनवर करा, मराठीत बोलता येतं. बरेचदा कंपनीला फोन गेल्यावरच पैसे परत येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं.

बियाणं किंवा औषधानं पीक गेलं असेल तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पीक उभं असतानाच तक्रार निवारण समितीचा पंचनामा झाला पाहिजे. पऱ्हाटी उपटल्यावर कोणी काही सिद्ध करू शकत नाही. भरपाईचा दावा जिल्हा ग्राहक आयोगात. कंपन्या तिथं ‘शेतकरी हा ग्राहक नाही, तो धंद्यासाठी घेतो’ असा बचाव करतात. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलंय. खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर आयोगाची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज नुकसान झाल्यापासून 2 वर्षांच्या आत गेला पाहिजे.